ओर्म मनातलं बोलत नाही

स्पेनमध्ये मुसलमान राज्यकर्त्यांच्या चाकरीत कित्येक वर्षं काढून परतलेले दोन व्हायकिंग, ओर्म आणि तोके, डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लूटूथ याच्या दरबारी नाताळच्या पंगतीला बसतात. समोर डुकराचं मांस येतं आणि दोघंही गहिवरतात. लढाईत कधी न डगमगलेले हे गडी वशाटापुढे हळवे होतात. लेखक मात्र हे सगळं गंभीर चेहऱ्यानं सांगतो. स्वीडिश लेखक फ्रान्स बेंग्त्सोन यांच्या ‘रोदे ओर्म’ या कादंबरीतल्या अशा प्रसंगांना जो हसला, तो पुस्तकाचा कायमचा झाला. ज्याला हसू आलं नाही, त्याची तक्रार सुरू होते.

तक्रार जुनी आहे आणि साधी आहे: या माणसांच्या मनात काय चाललंय, ते कळतच नाही.

ओर्म किती काय पाहतो! पोरवयात दर्यावर्दी त्याला पळवून नेतात. मग तो गलबतावर वल्ही मारणारा गुलाम होतो, कोर्दोबाचा मुसलमान सत्ताधीश अल्मन्सूर याचा अंगरक्षक होतो, पुढे इंग्लंडवरच्या स्वारीत सामील होतो. 991 साली माल्डनच्या लढाईनंतर इंग्लंडच्या राजानं व्हायकिंगांना 10,000 पौंड चांदी मोजून वाटेला लावलं, हा इतिहास. त्याच इतिहासाच्या फटीत ओर्म लंडनला जाऊन बाप्तिस्मा घेतो. त्याचं कारण श्रद्धा नव्हे, हाराल्डची मुलगी इल्वा. एवढा धिप्पाड लढवय्या, पण स्वतःच्या तब्येतीची त्याला भारी धास्ती. हे सारं त्याच्या बोलण्यावागण्यातून कळतं. लेखक त्याच्या काळजात कधी डोकावत नाही.

बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या ‘द लास्ट किंगडम’पासून सुरू झालेल्या मालिकेवर पोसलेल्या वाचकाला हे कोरडं वाटतं. तिथे नायक उट्रेड स्वतःच आपली कहाणी सांगतो; त्याचा राग, त्याची खंत थेट आपल्या कानात पडते. बेंग्त्सोन यांचे गुरू वेगळे. आइसलँडच्या जुन्या सागांमध्ये, म्हणजे तिथल्या वीरकथांमध्ये, माणूस घाव खाऊन मरतानाही एखादं तिरकस वाक्य टाकतो आणि निवेदक पुढच्या कामाला लागतो. बेंग्त्सोन मूळचे निबंधकार; स्वीडनचा राजा बारावा कार्ल याचं मोठं चरित्रही त्यांनी लिहिलं होतं. भावना न सांगता दाखवण्याची ही शिस्त त्यांनी सागांकडून जाणूनबुजून उचलली.

पहिला भाग आला 1941 साली. शेजारचे डेन्मार्क आणि नॉर्वे तेव्हा जर्मनीच्या टाचेखाली होते. नाझींनी व्हायकिंगाला शुद्ध रक्ताचा वीर करून भिंतीवरच्या पत्रकांवर चढवलं होतं. त्यांच्या एसएस या सशस्त्र दलातल्या एका डिव्हिजनचं नावच ‘वीकिंग’ होतं. अशा दिवसांत बेंग्त्सोन यांचा व्हायकिंग डुकराच्या मांसावर जीव टाकतो, तब्येतीची काळजी करतो, आणि सोलोमन नावाच्या ज्यूच्या साथीनं स्पेनच्या वाटेला लागतो. नॉर्वेवर नाझींचा ताबा असेपर्यंत तिथे भाषांतर काढू द्यायला त्यांनी नकार दिला. पुस्तकामागचा हेतू विचारला, तर लोकांना वाचताना मजा यावी एवढंच त्यांचं सांगणं असे.

ती मजा टिकली. 1945 मध्ये उत्तरार्ध आला, 1954 मध्ये मायकेल मेयर यांचं इंग्रजी भाषांतर ‘द लाँग शिप्स’. 1964 साली त्याच नावाचा सिनेमाही निघाला, पण त्यात कादंबरी फारशी उरली नव्हती. अमेरिकन कादंबरीकार मायकेल शेबन यांनी 2010 च्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तीही कट्टर भक्ताच्या उत्साहानं.

तरीही दुसरी एक तक्रार आहे आणि तिच्यापुढे भक्तांनाही गप्प बसावं लागतं. कादंबरीत एक किल्ला जिंकल्यावर तिथल्या बायकांची वाटणी होते आणि तो प्रसंग विनोदाच्या अंगानं जातो. तिथे हसणारे सगळे जिंकणाऱ्यांच्या बाजूचे. सागांची शैली इथे लेखकाच्या मदतीला येत नाही. ओर्मचं मन झाकलेलं असलं तरी त्याच्या कृतीतून ते वाचता येतं. वाटणीत आलेल्या बाईला बहुतेक वेळा कृती करायलाच जागा दिलेली नाही.

म्हणून मन न दाखवल्याचा आरोप फेटाळावा आणि हा दुसरा मान्य करावा. एवढं मान्य करूनही व्हायकिंगांवरची एकच कादंबरी वाचायची असेल, तर ती हीच वाचावी.