बॅटरीची गाडी आणि माथेरानचा रस्ता



आपल्या शाळेच्या आवारात बॅटरीवर चालणारी एक गाडी घ्यावी, अशी सूचना विश्वस्त मंडळाच्या मागील सभेत आली आहे. स्नेहसंमेलनाला येणारे वयोवृद्ध पाहुणे, प्राथमिक विभाग ते नवी इमारत हे अंतर आणि आपल्याकडचा उन्हाळा अशी कारणे त्यात दिली आहेत. सूचना चांगलीच आहे. माझे मत विचारले गेले म्हणून थोडे वाचन केले आणि वाचता वाचता मी जाऊन पोहोचलो माथेरानला.

माथेरान हे रायगड जिल्ह्यातले, सुमारे ८०० मीटर उंचीवरचे गाव. तेथे मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी तेवढी अपवाद. बाकीच्यांनी आपले वाहन दस्तुरी नाक्यावर ठेवायचे; पुढे लोक पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जात. २००३ साली केंद्र शासनाने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणजे एका अर्थाने हे सारे गावच एखाद्या संस्थेच्या आवारासारखे आहे. फाटक एक आणि आतले नियम वेगळे! पर्यटकाला दोन दिवस चालण्यात मौज वाटते. तिथल्या विद्यार्थ्याला मात्र दप्तर घेऊन, धो धो पावसातही, तीच लाल मातीची वाट रोज तुडवावी लागे. आणि हातरिक्षा? पुढे एक माणूस ओढायचा, मागून एक-दोघे ढकलायचे आणि आत तिसराच बसायचा.

ई-रिक्षाची मागणी कोणी केली, हे मला सर्वात महत्त्वाचे वाटले. ती कोण्या कंपनीने केली नाही, पर्यटकांनीही नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच ती केली, आणि त्यासाठी न्यायालयापर्यंत धाव घेण्यात पुढाकार होता एका निवृत्त शिक्षकाचा. (शिक्षक म्हणून मला याचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.) मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सात ई-रिक्षा सुरू झाल्या. शाळकरी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांचा फार उपयोग झाला. घोडेवाल्यांचा विरोध होता; त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, तो खोटा म्हणता येत नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या शेजारच्या अमरावतीचेच, यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवली आणि ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. गुजरातेत केवडियाला स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात; तसा नमुना पाहून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करावे, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पदव्युत्तर शिक्षणासाठी सागर विद्यापीठात होतो. ते विद्यापीठ पथरिया टेकडीवर वसलेले आहे. सामान घेऊन सायकलरिक्षाने वर जाताना चढ लागला की रिक्षावाला उतरून ओढू लागे, आणि आम्ही मुलेही मुकाट्याने उतरून मागून हात लावत असू. त्याची पोटरी कशी ताठ होई, ते आजही आठवते. त्याच दशकात सातारा जिल्ह्यातील फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारण्याचे आणि विजेवर चालणारी रिक्षा तयार करण्याचे काम हाती घेतले होते. राजवंशी मूळचे लखनौचे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिंदी मुलुखातला माणूस मराठी गावात राहून रिक्षावाल्याच्या पोटरीचा विचार करत होता, हे वाचून बरे वाटले.

आता आपल्या गाडीविषयी. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडा हिशेब देतो. साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणजे ४८ व्होल्ट. प्रत्येकी १०० अँपिअर-तास धरले तर ४.८ युनिट वीज साठते. गळती धरून एका चार्जिंगला साधारण सहा युनिट लागतील. रात्री लावून ठेवली की सकाळी गाडी तयार. शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पण लवकर दमतात, लिथियमच्या महाग पण टिकाऊ. हे सगळे दुकानदारही सांगेल.

दुकानदार सांगणार नाही ती गोष्ट वेगळी आहे. पाहुण्यांसाठी जी सुंदर, उघडी बग्गी दाखवली जाते, ती आवाराच्या आतच चालवायची असते. नोंदणी केलेली ई-रिक्षा मात्र रस्त्यावर नेता येते; तिला वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर, आणि प्रवासी चारच. आपल्या मुलांचा त्रास कुठे आहे? आवारात दोनशे पावले चालल्याने कोणी थकत नाही. हायवेवर बस सोडून देते, तिथून शाळेपर्यंत ट्रकांच्या धुळीत चालत येणारी खेड्यातली मुले पहिल्या तासाला डोळे मिटू लागतात. परीक्षेच्या काळात बाके आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आमचे चपराशी भाऊ खांद्यावरून नेतात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीही.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे की बग्गी नको, नोंदणीची ई-रिक्षा घ्यावी. सकाळी-संध्याकाळी ती बस थांब्यापर्यंत जावी, लहान मुले आणि ज्यांना चालणे कठीण आहे ती मुले आधी, चारांपेक्षा जास्त एकही नाही. मधल्या वेळेत सामान वाहावे. चालक ठेकेदाराचा नको. आपल्याच चपराशी बंधूंपैकी दोघांना परवाना काढून द्यावा, आणि त्याचा खर्च शाळेने करावा. पाहुणे वर्षातून एकदा येतात, त्यांनाही ती चालेल.

बस थांब्यावरून पायी येणाऱ्या मुलांची नावे वर्गशिक्षकांनी पोळ्याच्या सुट्टीपूर्वी कार्यालयात द्यावीत. पालकांनीही चिठ्ठी पाठवली तरी चालेल.