वावर कुठलं?

रिसोडहून पंढरपूरला पायी निघताना आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, खांद्यावर एकच गाठोडं असायचं. त्यात ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, जवसाची चटणी, गूळ आणि पहिल्या तीन-चार दिवसांपुरत्या दशम्या. दशमीचं पीठ आजी दुधातच मळायची, पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. त्यामुळे ती टिकायची आणि चौथ्या दिवशीही दाताखाली मऊ लागायची. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आजही शिरपूर, रिसोड करत पंढरीकडे जाते. ती पाहायला उभा राहिलो की माझी नजर अजून वारकऱ्यांच्या खांद्यावरची गाठोडी शोधते. पैनगंगा ओलांडली की आबाजींच्या लेखी परमुलूख सुरू व्हायचा. जन्मभरात त्यांनी केलेला दूरचा प्रवास म्हणजे वारी.

माणूस माळकरी. मांस-मासे घरात कधी आलेच नाहीत. कांदेनवमी झाली की पुढचे चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. पण त्यांचा आणखी एक नेम होता आणि तो कुठल्या पोथीतला नव्हता. "ज्याचं वावर पाह्यलं नाही, त्याची भाकर कशी खाऊ बापू?" असं ते म्हणायचे. वारीत अनोळखी माणसांची वावरं पाहणार कशी? मग ते विचारायचे. वावर कुठलं? जमीन काळी का मुरमाड? खत शेणाचंच टाकता ना? मेंढरं बसवता का? समोरचा माणूस खुलायचा, विहिरीपासून बैलांपर्यंत सगळं सांगायचा. तासाभरानं दोघांची भाकर एका फडक्यावर यायची. परभणीकडच्या एका कुटुंबाशी आमचं तीन पिढ्यांचं येणं-जाणं आहे, ते अशाच एका प्रश्नातून सुरू झालं.

सेंद्रिय हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आमच्या वावरात कपाशीत तुरीचं तास असायचं. ज्वारीसोबत मूग-उडीद, रब्बीला हरभरा आणि जवस. धुऱ्यावर काटेरी करडई, जनावर आत शिरू नये म्हणून. उन्हाळ्यात धनगरांचा कळप चार रात्री वावरात बसायचा आणि त्याबद्दल त्यांना धान्य दिलं जायचं. बियाणं राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवलेलं. तेल घाणीचं. त्या जवसाच्या चटणीला एक खरपूस, किंचित कडसर वास असायचा. तो आठवला की मला आजही आजीचा काळा तवा दिसतो.

मग ते वावर बदललं. 1964 साली देशात सीएसएच-1 हे संकरित ज्वारीचं पहिलं वाण आलं आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत 'हायब्रीड' आमच्या गावापर्यंत पोचलं. त्याच्या मागून युरिया, त्याच्या मागून फवारा. फवाऱ्याच्या कुठल्याही औषधाला गावात एन्ड्रीनच म्हणत. पुढे सोयाबीन आलं आणि बाकी सगळं हळूहळू गेलं. जवस गेला, करडई गेली. ज्वारी पेरली तर रोही आणि डुकरं ठेवीनात. मी वडिलांना दोष देत नाही. कर्ज होतं, बहिणींची लग्नं होती, आणि रोख पैसा सोयाबीनच देत होतं. पण ज्या घरात परक्याची भाकर विचारून खाल्ली जायची, त्या घराला स्वतःच्या वावरातलं काही खाता येईना, याचं दुःख आबाजींनी शेवटपर्यंत बोलून दाखवलं नाही. ते मला फार उशिरा कळलं.

माझा पहिला परदेश प्रवास 1998 चा. त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. युरोपची बारा दिवसांची सहल होती. माळ माझ्याही गळ्यात होती आणि आबाजींचा नेम मी तोवर उचलला होता. बायकोनं दशम्या, भाजलेलं पीठ, मेतकूट, मुंगवड्या, तिळाची चटणी असं सगळं बांधून दिलं. तिसऱ्या दिवशी एका हॉटेलात भाज्यांचं म्हणून दिलेलं सूप मी अर्धं प्यायलो आणि मग कळलं की त्याचं पाणी गाईच्या हाडांचं होतं. त्या रात्री मी झोपलो नाही. पुढचे दिवस खोलीत बसून स्टीलच्या डब्यातलं पीठ गरम पाण्यात कालवून खाल्लं. बाहेर सगळे हसत जेवत होते आणि मी दार लावून बसलो होतो. नेम आबाजींचाच होता, पण तो पाळून त्यांना माणसं मिळायची. मी एकटा पडलो.

गेल्या वर्षी मुलीकडे जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गेलो. आता सगळं किती सोपं झालंय! विमानात कांदा-लसणाशिवायचं जैन जेवण आधी सांगून ठेवता येतं. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवावे लागले, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तिकडे डब्याडब्यावर खुणा असतात. हिरव्या चौकटीत चांदण्यांचं पान दिसलं की त्यातला शेतीतून आलेला किमान 95 टक्के माल सेंद्रिय. पानाखाली तपासणाऱ्या संस्थेचा क्रमांक आणि माल युरोपातला की बाहेरचा, तेही लिहिलेलं. चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट आहे की नाही, हे मुलगी मला वाचून दाखवायची. इटलीचं पार्मेजानो कायम त्या रेनेटवरच बनतं, म्हणून ते वर्ज्य. दुधाचं म्हणून आपल्याकडे कितीतरी शाकाहारी माणसं ते पास्त्यावर बिनधास्त घालून घेतात.

एका दुकानात जवसाची पुडी हाती आली. तेच हिरवं पान, आणि खाली मूळ देश भारत. मी ती पुडी किती वेळ धरून उभा होतो कोण जाणे. आमच्या धुऱ्याच्या आतून हरवलेलं बी सात समुद्रांपलीकडच्या फळीवर मला भेटलं. त्या रात्री मुलीच्या कॉफी दळायच्या यंत्रात चटणी केली. वास तोच होता.

तरी मन भरत नव्हतं. ती खूण खरी होती, पण तिला विचारणार काय? तेव्हा मुलगी मला म्युन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या चौकातल्या बाजारात घेऊन गेली. रविवार सोडून रोज तो भरतो. उत्तरेकडच्या बाजूला आसपासचे शेतकरी स्वतःचा माल घेऊन बसतात, दक्षिणेला व्यापारी. उत्तरेकडे एक साठीतली बाई बटाटे आणि राईच्या पिठाचा पाव घेऊन बसली होती. मी मुलीला म्हटलं, विचार, वावर कुठलं? तिकडे वावराला आकर म्हणतात. बाईनं हातातला तराजू खाली ठेवला. काइझरष्टूलच्या डोंगराशी आहे म्हणाली, जुन्या ज्वालामुखीचा डोंगर. मी सांगितलं, आमची काळी मातीही ज्वालामुखीच्याच दगडाची. खत काय, बी कुठलं, गाई किती, अशी अर्धा तास मुलीची दुभाषी म्हणून दमछाक झाली. शेवटी ती बाईच म्हणाली, बघायलाच या की.

धाकट्या भावाच्या दोन एकरांतल्या ज्वारीचं तीन किलो पीठ मी सोबत नेलं होतं. सात वर्षांपूर्वी त्यानं सोयाबीनच्या मधोमध ते दोन एकर सोडवले आणि गावातल्या सेंद्रिय गटात गेला. त्या पद्धतीत गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या वावरात जाऊन पाहायचं असतं आणि मगच सही करायची. हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा आम्ही दोघंही आबाजींच्या आठवणीनं गप्प झालो होतो. रोही अजून येतात. तो रात्री जागलीला जातो.

शनिवारी पहाटे मी जर्मन दुधात ते पीठ मळलं आणि दहा दशम्या केल्या. आगगाडीनं त्या बाजारातल्या बाईकडे गेलो. वावर पाहिलं, माती हातात घेतली, गोठा पाहिला. मग अक्रोडाच्या झाडाखाली तिनं पाव कापला, उकडलेले बटाटे ठेवले आणि मी फडकं सोडलं. दशमी हातात घेऊन तिनं उलटीसुलटी पाहिली, वास घेतला. तोंडात घालण्याआधी तिनं मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, हे वावर कुठलं?"