सगळे गेम एका यादीत

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ खेळायचा, एवढ्या एका हौसेपायी मी कॉम्प्युटरवरच्या गेमच्या वाटेला गेलो. राजी कसरतीचे खेळ करणारी पोर. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि साक्षात दुर्गा तिच्या हाती त्रिशूळ देते. माहूरला रेणुकामातेच्या गडाखाली सगळा जन्म गेलेल्या माणसाला अशा गोष्टीची ओढ लागणारच. पीसीवर हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही होतं. माझं फ्लेक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे; डिझाइनसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड होतंच. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खातं उघडलं, रुपयांत पैसे भरले, गेम उतरवला.

इथवर सगळं सरळ होतं. मग नांदेडला शिकणाऱ्या भाच्याने सांगितलं की एपिक नावाच्या तसल्याच दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी रात्री फुकट गेम मिळतो. तिथे खातं उघडलं. एक जुना गेम जीओजी या आणखी एका दुकानात स्वस्तात दिसला, म्हणून तिथेही उघडलं. युबीसॉफ्टचा एक गेम स्टीमवरून घेतला, तर तो सुरू होताना युबीसॉफ्ट कनेक्ट नावाचं आणखी एक दार मध्ये उभं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, ओटीपी वेगळा, आणि उघडलं की आधी त्याचं स्वतःचं अपडेट. नवरात्राच्या धामधुमीत दुकान रात्री उशिरा बंद व्हायचं. खेळायला बसावं, तर कुठला गेम कुठल्या लॉन्चरमध्ये, म्हणजे त्या त्या दुकानाच्या प्रोग्राममध्ये, आहे हे आठवण्यातच जीव मेटाकुटीला यायचा. डिझाइनचं कोरल ड्रॉ उघडायला दुसरं काही उघडावं लागत नाही, मग गेमला का लागतं, हे काही केल्या कळेना.

भाचा सुटीत आला आणि माझी शोधाशोध बघून म्हणाला, “मामा, काहून एकेक उघडून बघायलाव? प्लेनाइट टाका.”

प्लेनाइट हा विंडोजवर चालणारा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. योसेफ नेमेच या प्रोग्रामरने तो उभा केला. त्यात प्रत्येक दुकानासाठी एक छोटा जोड-प्रोग्राम असतो: स्टीमचा, एपिकचा, जीओजीचा, युबीसॉफ्टचा. आपल्याला हवे ते बसवायचे आणि त्या त्या खात्यात एकदा लॉगिन करायचं. मग यादी भरू लागते. माझ्यासमोर ती भरली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बघत राहिलो. एकेक नाव, मागोमाग त्याचं चित्र. घेऊन विसरलेले, कधी उतरवलेच नाहीत असे कितीतरी गेम त्यात निघाले. बसवलेल्या गेमवर ‘प्ले’ येतं, नसलेल्यावर ‘इन्स्टॉल’. एक गेम दोनदा दिसला, कारण तो दोन दुकानांतून माझ्या नावावर होता. त्यातली एक नोंद लपवता आली.

पण ‘प्ले’ दाबलं की मागून स्टीम उघडतंच. एपिकच्या गेमला एपिक लागतंच. भाच्याने समजावलं ते असं: एक झाली ती यादी. गेम ज्याच्या त्याच्या खात्याला बांधलेले आहेत ते आहेतच, म्हणून लॉन्चर काढून टाकायचे नाहीत. हे कळल्यावर माझा निम्मा गोंधळ मिटला. स्टीम २००३ पासूनचं, एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ पासूनचं; गिऱ्हाईक आपल्याच दारातून यावं असं प्रत्येकाला वाटणार, हे दुकानदार म्हणून मला समजतं. स्टीमवर ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरताना स्पष्ट लिहिलेलं येतं की आपण घेतोय तो गेम वापरण्याचा परवाना.

जीओजीचं मात्र निराळं आहे, आणि माझ्यासारख्याने हे आधी शिकावं असं मला मनापासून वाटतं. २००८ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने सुरू केलेल्या या दुकानात गेमची पूर्ण इन्स्टॉलर फाइल उतरवून घेता येते. त्यावर कुलूप नाही. बसवला की लॉन्चरशिवाय, नेटशिवाय चालतो. दत्तजयंतीला माहूरच्या दत्तशिखरावर गर्दी लोटते तेव्हा गावात मोबाइलचं नेट जेमतेम चालतं. अशा ठिकाणी याचं मोल कळतं. भाचा नांदेडला खोलीवर या फाइली उतरवतो आणि गावी येताना हार्ड डिस्कमध्ये घालून आणतो. स्टीमचे गेमही असे आणता येतात: ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरमधून गेमचा फोल्डर उचलायचा, माझ्याकडे त्याच जागी ठेवायचा आणि स्टीममध्ये ‘इन्स्टॉल’ दाबायचं. आधीच्या फाइली ते ओळखतं आणि उरलंसुरलं तेवढंच उतरवतं. दोन कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील तर स्टीम २०२३ पासून एकातून दुसऱ्यात गेम आपणहून पाठवतं. गेम मात्र खात्यावर असावा लागतो, नुसता फोल्डर असून भागत नाही.

आता प्लेनाइटमध्ये मी एक वर्ग केलाय, ‘नेट नसताना’. त्यात जीओजीचे सगळे आणि स्टीमच्या ऑफलाइन मोडमध्ये मी स्वतः चालवून बघितलेले गेम आहेत. नवा गेम मनात भरला की आधी तो जीओजीवर आहे का ते बघतो. तिथे नसला तरच दुसरीकडे जातो.