मातीचा भाव

गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची किंमत कुणीही उठून सांगतो. आमची इको २०११ ची. २०२६ ला पंधरा भरतात. म्हणजे फेरनोंदणीचे ५,००० रुपये आले (१ एप्रिल २०२२ च्या आधी हेच ६०० होते), वर टायर, बॅटरी. त्यात चोरांनी रात्रीत खालचा सायलेन्सरच सोडून नेला.

इकोचाच का नेतात, ते समजून घ्या दोस्तांनो. सायलेन्सरच्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा पातळ लेप. धूर तिच्यातनं जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, उरलंसुरलं पेट्रोल तिथंच जळतं. चोर ही जाळी कुटून भुगा करतात आणि किलोवर विकतात. पेपरात त्या भुग्याला 'माती' म्हणतात. माझा आजा जन्मभर मातीत राबला. त्याच्या मातीला कधी भाव आला नाही. मातीही त्याची नव्हती म्हणा.

मेकॅनिक म्हणाला, "भावा, कंपनीचा बसवायचा तर गाडीच्या निम्म्या किमतीवर जातंय. साधा पाइप वेल्ड करून देतो. गाडी पळंल झकास. पीयूसीचं मी बघतो." तिसरी वाटही त्यानं हळूच सांगितली : सेकंडहँड, बिनपावतीचा. म्हणजे दुसऱ्या कुणाच्यातरी गाडीखालनं काढलेला. ती मी पुढं ऐकूनच घेतली नाही.

साध्या पाइपावर मात्र दोन दिवस अडलो. कारण तो खोटं बोलत नव्हता. गाडी खरंच पळते. गाडीचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते मागं उभ्या असणाऱ्याचं. हा हिशेब मी सूतगिरणीत रोज बघतो. ब्लोरूममधली धूळ ओढणारा पंखा बंद पडला की साहेब विचारतो, मशीन तर चालतीय ना? चालतीय की. रुईची धूळ आमच्या छातीत उतरते. त्या दुखण्याला डॉक्टरांकडं नाव आहे, बिसिनोसिस. पगारपत्रकात त्याला रकाना नाही.

मग गाडीच फुकून टाकावी? भंगारवाला वजनावर मागतोय. पण इंजिन ठणठणीत आहे, पत्रा खालनं गंजलेला नाही. तो सडला असता तर मी वेगळं बोललो असतो. शिवाय वस्तीत चारचाकी ही एकच. रात्री-अपरात्री बाळंतिणीला हीच, सहा डिसेंबरला दादरला हीच. बोळाच्या तोंडाशी ती तापत उभी असते, आणि बोळातली दारं अशी की धूर सरळ चुलीपर्यंत जातो. पोरं तिथंच खेळतात.

आण्णांनी आकडा ऐकला. बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाले, "पावती देणार का तो?"

देणार आहे. हप्त्यावर बसवतोय. खालनं लोखंडी जाळीपण वेल्ड करून घेतोय, चोरांसाठी. पहिला हप्ता ह्या महिन्याच्या ओव्हरटाइमातनं गेला.