घरातून पाहिलेला सिनेमा

पावसाने ओढ दिली की शेतातली कामं थांबतात आणि आमच्या घरात सिनेमे पाहणं वाढतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दिग्रसला पूर्वी टाकीजला जायचं म्हणजे घरादाराचा कार्यक्रम असे. खेड्यांतून लोक येत, बाजारहाट उरकून पिक्चर पाहून परतत. आता मी आणि आई दुपारी पंख्याखाली बसतो, मोबाईल डब्याला टेकवून ठेवतो आणि पाहतो. यंदाही पेरणीनंतर आभाळ कोरडं राहिलं. त्या दिवसांत आपल्याच मुलखाचे काही सिनेमे लागोपाठ पाहिले. काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

त्यात ‘गाभ्रीचा पाऊस’ होता. सतीश मनवर यांचा हा सिनेमा 2009 चा. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष. गोष्ट यवतमाळकडची. गावातला एक शेतकरी जीव देतो आणि किस्ना या दुसऱ्या शेतकऱ्याच्या बायकोच्या, अलकाच्या मनात भीती शिरते की आपलाही नवरा असंच काही करेल. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते. तो शेतात निघाला की लहानग्या मुलाला, दिनूला मागे धाडते. सासूलाही कामाला लावते. त्याच्या आवडीचं रांधते. किस्नाला कळतच नाही की हे सगळे आपल्याला एकटं का सोडत नाहीत, आणि त्यातून हसूही येतं. सिनेमाभर हे हसू आणि ती भीती एकमेकांना सोडत नाहीत.

शेतकरी आत्महत्यांचे ते दिवस आठवले म्हणजे या सिनेमाने काय केलं ते नीट कळतं. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात यवतमाळ होतं. टीव्हीचे कॅमेरे गावोगाव फिरत होते. ते गेलेल्या माणसाच्या घरी जात, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर बायकोला बसवत आणि कर्ज किती होतं ते विचारत. जिथे अजून कुणी गेलेलं नव्हतं, त्या शेजारच्या घरात कुणी शिरत नव्हतं. त्या घरातली बाई रात्री काय करते, हे विचारायला मनवर गेले. माझ्या मते आत्महत्येवरच्या सगळ्या बोलण्यात ही सर्वांत खरी जागा आहे.

हे मी सिनेमाचं कौतुक म्हणून म्हणत नाही. एका वर्षी आमची पेरणी मोडली. दुबार पेरलं, तेही नीट उगवलं नाही. मी शाळकरी होते. त्या हंगामात बाबा कुठेही निघाले की आई म्हणायची, “जा, बाबांसंग जा.” कृषी केंद्रात, सोसायटीत, संध्याकाळी नुसतं बांधावर जायचं असलं तरीही. मला तो लाड वाटायचा. बाबा वाटेत चिंचा काढून द्यायचे. रात्री आई उठून ओसरीत डोकावायची, तेव्हा मला वाटायचं ती गाईकडे बघते.

दिनू बापामागे धावत निघाला तेव्हा मी आईकडे पाहिलं. ती मोबाईलकडेच बघत होती. बऱ्याच वेळाने अलकाला उद्देशून म्हणाली, “तिले म्हना, जरा बस वो बाई.” मी विचारलं, “आई, तू मला म्हणूनच पाठवत होतीस का?” तिने उत्तर दिलं नाही, पुढचं पाहू दे म्हणाली. मीही पुन्हा विचारलं नाही. एखादा सिनेमा चांगला की वाईट यावर एरवी मी तासभर बोलू शकते. इथे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

त्यानंतर ‘शेरनी’ पाहिला. अमित मसूरकर यांचा, 2021 चा. सिनेमा तसं सांगत नसला तरी तो पाहताना आमच्या जिल्ह्यात कुणालाही अवनीच आठवते. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यातली टी-1 वाघीण. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. हत्ती आणले, ड्रोन आणले, शेवटी 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली. मागे दोन बछडे उरले. त्यातली मादी पुढच्या महिन्यात पकडून पेंचला नेली. दिग्रस मात्र जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला. आमच्याकडे वाघाचं भय नव्हतं, पण रानडुकरं आणि रोही यांच्यापायी जागलीला इथेही जावं लागतं. अंधारात शेतात एकटं बसणं काय असतं ते ठाऊक असल्याने त्या दिवसांत इथल्या पारावरही दुसरा विषय नव्हता.

सिनेमा मध्य प्रदेशात घडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जंगलाला कुठे सीमा असते. विद्या बालनची वन अधिकारी मला मनापासून आवडली, कारण ती आरडाओरडा करत नाही, काम करते. चराईची जमीन सागवान लावून अडवली, वाघिणीच्या वाटेत तांब्याची खाण आली, मग गुरं आणि वाघीण एकाच ठिकाणी येणार नाहीत तर काय, हे सिनेमा इतकं सरळ दाखवतो की वेगळं समजवावं लागत नाही. विजय राज यांचे प्राध्यापक नूरानीही लक्षात राहतात. शेवटी ती अधिकारी पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात बदलून जाते, तेव्हा आई चिडली. “तिले काऊन हलवलं? तिनं काय केलं?”

मला मात्र दुसरंच खुपलं. संपा मंडलने केलेली गावातली ज्योती थोडा वेळ येते. बायांना सांगते, रानात जाऊ नका. पण सरपण लागतंच, गुरं चारावीच लागतात. ज्योती घरी गेल्यावर तिच्या चुलीपाशी काय बोलणं होतं, सकाळी कुणी जायचं हे कसं ठरतं, ते आपल्याला कळत नाही. सिनेमा अधिकारी बाईच्या जीपबरोबर येतो आणि जीपबरोबरच जातो. वाघिणीचं दुःख मला कळलं, अधिकारी बाईचंही. ज्या बाईला उद्या पुन्हा रानात जायचंय तिचं मी अंदाजानेच समजून घेतलं. ‘गाभ्रीचा पाऊस’ लागोपाठ पाहिला नसता तर हे कदाचित जाणवलंही नसतं.

‘नाळ’ ही आमच्या घरची सगळ्यांची आवड. सुधाकर रेड्डी यक्कंटी मूळचे मराठी नाहीत, तरी 2018 च्या या सिनेमात वऱ्हाडी बोली हसण्यासाठी ठेवलेली नाही. श्रीनिवास पोकळेचा चैत्या त्याच बोलीत रुसतो, खोटं बोलतो, आतून तुटतो. एरवी मराठी सिनेमात आमची बोली नोकराला किंवा गावठी पाहुण्याला मिळते आणि थिएटर हसतं. ‘नाळ’मध्ये मामाच्या तोंडून चैत्याला कळतं की ही आपली जन्मदाती आई नव्हे, आणि त्यापुढे तो आईकडे ज्या नजरेने पाहतो तिथे कुणी हसू शकत नाही. श्रीनिवासला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ते योग्यच झालं.

आणि ‘झुंड’. 2022 चा, नागराज मंजुळे यांचा, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरचा. अमिताभ बच्चन यांच्यासाठी पाहायला बसलो आणि पोरांसाठी पाहत राहिलो. सगळेच सामने मला सारखे धरून ठेवत नाहीत, लांबीही जास्त आहे. पण त्यात रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी आणि तिचा बाप आहेत. पासपोर्टसाठी, आपण आहोत हे सिद्ध करणाऱ्या कागदांसाठी ते या दारातून त्या दारात फिरतात. आमच्या तहसील कचेरीबाहेर झाडाखाली असे बाप-लेक रोज दिसतात. पोहरादेवीकडच्या तांड्यावरून आलेले, पुसदकडच्या पाड्यावरून आलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कागद छातीशी धरलेले. सिनेमात त्यांच्या वाट्याला थोडीच मिनिटं आली. मला तेवढी पुरली नाहीत. त्या बाप-लेकीचा वेगळा, पूर्ण सिनेमा कुणीतरी करावा, आणि सुरुवात कचेरीपासून करू नये. पहाटे भाकर बांधून निघताना घरात कोण काय म्हणालं, तिथून करावी.