दुसरा रिमोट

यंदा शाबान महिन्यात आमच्या धाकट्याचा नाजरा कुरआन पूर्ण झाला. हाफिजसाहेबांना शेवटचा सबक ऐकवून तो घरी आला आणि चपला काढायच्या आधीच उंबऱ्यातून म्हणाला, "अब्बा, आता तुमचं वचन!" वचन दिले होते खरे. दोन वर्षांपूर्वी तो सबक चुकवून क्रिकेटला पळायचा तेव्हा वैतागून आम्ही बोलून गेलो होतो, "खत्म कर, मग मागशील ते देऊ." मुले असल्या गोष्टी विसरत नाहीत. त्याने गेम मागितला. मोबाइलवरचा नव्हे. टीव्हीला जोडायचा, हातात कंट्रोलर धरून खेळायचा, खोक्यातून येणारा गेम.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. खरेदी दोघांनी ठरवली, चूकही दोघांची झाली, म्हणून लिहितोही दोघे.

दादींना हा सौदा पसंत नव्हता. "आमच्या वेळी खत्म झालं की मोहल्ल्यात मिठाई वाटत. पोराला गेम कसले देता?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण दिलेला शब्द फिरवला तर पोराने आमच्याकडून काय शिकायचे, हाही प्रश्न होताच. शिवाय आमच्यातल्या बापाचे मन आतून थोडे कच्चे होते. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्हीचा गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. कॅसेटवर आकडा छापलेला ९९९९ खेळांचा, आत फिरून फिरून तेच दहा-पंधरा. मारिओ, कॉन्ट्रा आणि बंदुकीने बदके मारायचा तो एक. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. त्या घरच्या ओसरीवर पाळी येण्यासाठी ताटकळत बसलेला मुलगा अजून जिवंत आहे, हे बायकोने पहिल्याच दिवशी ओळखले.

तर कागद-पेन घेऊन बसलो. रमजान ईद झाली होती आणि दोहाचे मामू बकरी ईदला सुट्टीवर येणार होते. म्हणजे इथे घ्यायचा की तिकडून मागवायचा, हा पहिला प्रश्न.

धाकट्याला हवा होता प्लेस्टेशन ५. त्याचे नवे, बारीक अंगाचे मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आले; डिस्कवाले ५४,९९० रुपये, बिनडिस्कचे ४४,९९०. आकडा ऐकून दादींनी तसबीह थांबवली. बिनडिस्कचा दहा हजारांनी स्वस्त दिसतो, पण त्याचा प्रत्येक खेळ इंटरनेटवरूनच विकत घ्यावा लागतो. डिस्क असेल तर जुनी घेता येते, खेळून झाल्यावर विकता येते, शेजारच्या मुलाशी अदलाबदल करता येते. दोन-तीन वर्षांत ते दहा हजार कधी वसूल होतात कळतही नाही. एक्सबॉक्स सीरीज एस २०२० मध्ये ३४,९९० ला आला, म्हणजे बराच स्वस्त. पण त्यातही डिस्कची जागा नाही, आणि मोठे खेळ डाउनलोड करायला आमच्याकडचे नेट पुरे पडले असते की नाही, शंका होती. तिसरा निन्टेंडोचा स्विच. हा टीव्हीलाही लागतो आणि उचलून हातातही खेळता येतो. मात्र कंपनी तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आलेला, दुकानदार सांगेल त्या किमतीला, आणि बिघडला तर वॉरंटी नाही.

हे सगळे आम्हाला कुणी सांगितले? आमच्या थोरलीने. ती नववीत आहे. आम्ही कागदावर काही चुकीचे लिहिले की मागून जाता जाता म्हणायची, "स्विच लाइट नका लिहू, तो टीव्हीला लागतच नाही." किंवा, "कंट्रोलर एकच येतो हं त्याच्यासोबत." आम्हाला वाटले, पोरगी हुशार आहे, भावाच्या भेटीत रस घेते आहे. पुढे काही वाटले नाही.

यंत्रापेक्षा आम्हाला भीती होती ती आतल्या खेळांची. आमच्या एका नातेवाइकाच्या मुलाने मोबाइलवरच्या फुकटच्या खेळात बापाच्या यूपीआयवरून सात हजार उडवले होते, बंदुकीचा रंग बदलण्यासाठी! म्हणून आम्ही वयाचे आकडे बघायला शिकलो. खोक्यावर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो. ही युरोपातली पेगी नावाची पद्धत, २००३ पासूनची. धाकट्याने वर्गातल्या मुलांकडून ऐकून ज्या गाड्या पळवायच्या खेळाचे नाव आणले होते, त्या जीटीए ५ वर १८ चा आकडा आहे, आणि तो उगाच नाही. शिव्या, खून, नंगेपणा सगळे त्यात आहे. तो विषय तिथेच मिटला.

पण एवढ्याने भागत नाही. फुटबॉलचा जो प्रसिद्ध खेळ दरवर्षी नवा येतो, पूर्वी फिफा नावाने यायचा, त्यावर तेव्हा आकडा होता ३. तीन वर्षांच्या मुलालाही चालेल असा. त्याच खेळात पैसे देऊन खेळाडूंची पाकिटे फोडायची सोय आहे. आत कोण निघेल ते नशीब. मेस्सी निघाला तर निघाला, नाहीतर पैसे गेले. २०१८ मध्ये बेल्जियमने अशी पाकिटे जुगारात मोडतात असे ठरवले आणि तिथे त्यांची विक्री बंद करावी लागली. आमच्या घरात लॉटरीचे तिकीट कधी आले नाही; ते पोराच्या हातातल्या कंट्रोलरमधून का येऊ द्यायचे? पेगीने खोक्यावर आत खरेदी आहे आणि ती नशिबावर आहे अशी बारीक सूचना छापायला सुरुवात केली आहे. आकडा मोठा छापलेला असतो, सूचना बारीक. आई-बापांनी चष्मा लावून ती वाचावी.

तरी आमचे मन प्लेस्टेशनकडे झुकले होते. त्यात प्रत्येक मुलाचे खाते वेगळे काढता येते, कोण किती वेळ खेळला ते वेगळे कळते, खर्चाची मर्यादा शून्य ठेवता येते. कागदावर खाली बेरीज मांडली. तेव्हा थोरलीने विचारले, "दुसरा रिमोट घेणार का?"

घरात सगळे कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. आम्ही म्हणालो, तो सहा हजारांच्या घरात जातो, नंतर बघू.

"बरं," म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री जेवणानंतर दादींनी आम्हाला जवळ बसवले. आवाज न चढवता विचारले, "हिने खत्म केलं तेव्हा हिला काय दिलं होतंत?"

आठवायला वेळ लागला, हेच वाईट. लॉकडाऊनचे वर्ष होते. एक ड्रेस शिवला होता आणि अजान देणारे, मशिदीच्या आकाराचे घड्याळ दिले होते. ते घड्याळ जुलै २०२१ च्या पुरात गेले. चिपळूणच्या आमच्या तळमजल्यावरचे जे जे होते ते सगळेच तेव्हा गेले. पण तिने मागितले काय होते? सायकल. आम्ही म्हणालो होतो, रस्त्यावर गाड्या फार, हायवे ओलांडावा लागतो, मोठी झालीस की बघू. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर, त्याच हायवेच्या अलीकडे, आम्ही धाकट्याला सायकल घेऊन दिली. तो तेव्हा तिच्या त्या वयाएवढाच होता. थोरली आमच्यासोबत दुकानात आली होती. घंटी तिनेच निवडून दिली.

नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आम्ही कितीदा ऐकली असेल. वडिलांनी त्यांना काही भेट दिली. आई म्हणाली, पैगंबरांना (स.) साक्षी ठेवल्याशिवाय मला हे मान्य नाही. वडील गेले, तर पैगंबरांनी (स.) एवढेच विचारले की तुझ्या सगळ्या मुलांना असेच दिले आहेस का. नाही, म्हटल्यावर अल्लाहची भीती बाळगायला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितले. वडिलांनी दिलेली भेट परत घेतली. बुखारी, मुस्लिम दोन्हीत ही हदीस आहे. जुम्म्याच्या बयानात ऐकताना ती आम्हाला नेहमी जमीन-जुमल्याबद्दलची वाटायची. वारसा, घरे, दागिने. पंचावन्न हजारांचा कागद समोर ठेवून ती कधी आठवली नव्हती.

आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग एकाने म्हटले, तिलाही काहीतरी घेऊ, तेवढ्याच किमतीचे. दुसऱ्याने विचारले, पैसे कुठले? पूर गेला तरी त्याची उधारी पुरती फिटलेली नव्हती. आणि खरे सांगायचे तर तिला दुसरे काही नको होते. महिनाभर आमच्या खांद्यावरून ती जे बघत होती तेच तिला हवे होते, आणि ते सुचवण्याची तिची पद्धत होती आमच्या चुका दुरुस्त करण्याची.

सकाळी तो कागद आम्ही तिच्या हातात दिला. म्हटले, भेट दोघांची. तू ठरव, पण भावाला पटव. तिने आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले. मग संध्याकाळपर्यंत भावाला पटवून आली.

तिची निवड होती स्विच. कारणे तिने अशी सांगितली. त्याच्या दोन बाजूंना लावलेले दोन तुकडे काढले की दोन कंट्रोलर होतात, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोघांना खेळता येते, वेगळे सहा हजार नकोत. खेळ छोट्या कार्डावर येतात, तेव्हा विकता-बदलता येतात. आणि पावसात वीज गेली तरी तो बॅटरीवर चालतो. कोकणात राहणाऱ्याला हे तिसरे कारण एकटेच पुरेसे आहे. आम्ही अडचणी काढल्या: खेळ महाग असतात आणि सहसा स्वस्त होत नाहीत, ते दोन तुकडे काही वर्षांनी बिघडतात, काठी आपोआप सरकू लागते अशी तक्रार जगभर आहे. ती म्हणाली, "बिघडला तर मामू परत जाताना नेतील. तिकडे वॉरंटी आहे." आमची मोठी भीती वेगळी होती. हातात मावणारी वस्तू चादरीखाली जाते. त्यावर दोघांकडून कबूल करून घेतले की इशानंतर स्विच टीव्हीखालच्या स्टँडमध्ये, आणि मोबाइलवर त्याचे जे पालकांचे अ‍ॅप आहे ते अम्मीच्या फोनवर.

मामूंनी फोनवर रियालचा आकडा सांगितला, आम्ही तेवीसने गुणला. प्लेस्टेशनच्या निम्म्याच्या आसपास निघाला. दादींनी तसबीह चालू ठेवली.

बकरी ईदच्या चार दिवस आधी मामू आले. बॅगेत खजूर, दादींसाठी गुडघ्याचे मलम, आणि ते खोके. चार्जरची पिन तिकडची, तीन चौकोनी दातांची. इथल्या बोर्डात बसेना. रात्री नऊला अडॉप्टरसाठी आमच्यातल्या बापाला भर पावसात बाजारात पिटाळण्यात आले, आणि तो कुरकुर न करता गेला. परत आला तो घरात हसण्याचा कल्लोळ. थोरलीने भावाला सांगितले होते की कार्ड जिभेला लावून बघ, गोड लागते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्या कार्डांना मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो. पोरगा अर्धा तास चुळा भरत होता. पिवळ्या कॅसेटला आपण फुंकर मारायचो, ही चाटतात, एवढाच काय तो फरक.

पहिल्याच आठवड्यात एक घोळ लक्षात आला. अ‍ॅपमध्ये रोजचा एक तास ठरवला, पण तो तास यंत्राचा असतो, मुलाचा नव्हे. कोणीही खेळला तरी वेळ त्याच तासातून जातो. धाकटा शाळेतून आधी यायचा आणि असरच्या आतच तास संपवून मोकळा व्हायचा. थोरली क्लासहून येईपर्यंत पडद्यावर वेळ संपल्याची सूचना. ती काही बोलली नाही. पुन्हा तेच "बरं". या वेळी आम्ही ऐकले. नियम केला की एकत्र खेळलात तर पूर्ण तास, एकटे खेळायचे तर प्रत्येकी अर्धा. धाकट्याने रडून बघितले, मग हिशेब करून बघितला, आणि आता ती येईपर्यंत खिडकीत बसतो. बेल वाजायच्या आधी दार उघडलेले असते.

गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आहे, मारिओचाच. निळा तुकडा तिचा, लाल त्याचा. जुलैमध्ये एका संध्याकाळी मगरिबनंतर वीज गेली. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. दोघांनी स्विच टीव्हीखालून काढून पाठीमागच्या टेकूवर जेवणाच्या चटईवर उभा केला. अंधारात तेवढाच उजेड. दादी त्या उजेडात वाकून विचारत होत्या, "यातली आपली गाडी कुठली?" थोरली पुढे होती.

आम्ही म्हणालो, "बघ, निवड चांगली केलीस. आता खूश ना?"

"हो," ती पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "सायकलचं मात्र अजून बाकी आहे हं, अब्बा. आणि लेडीज सायकल नको, साधी द्या. मग हा पण चालवेल."