अंगणातील परीक्षा
१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मली. अंगणातल्या मुलाची परीक्षा कशी घ्यावी? ‘मोज पाहू’ म्हणताच ते गप्प होते. पण खेळताना शेजाऱ्याला एक चिंचोका कमी आलेला पाहून आपल्यातला त्याला देते. या एका कृतीत गणित आहे, माणुसकीही आहे. गुणपत्रिकेत मात्र तेच मूल ‘कच्चे’ ठरते. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही ३ ते ६ वयोगटासाठी परीक्षा अयोग्य मानून निरीक्षणावर भर दिला. मुलाचे मौन म्हणजे अज्ञान नव्हे, हे ज्या शिक्षिकेला उमगले, तिच्याच नोंदवहीत ते मूल खरेखुरे उमटते.